आधी गळ, शेवटी रॉड : इंग्लंडमध्ये कोर्स फिशिंग सुरू करताना

"किती महिन्यांचा कोर्स आहे?" मी कोर्स फिशिंगला जाते म्हटल्यावर पुण्याच्या बहिणीने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. तिची काही चूक नाही. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची दोन घराणी मानतात. सामन आणि ट्राउट हे खानदानी, ते 'गेम फिश'. उरलेले सगळे, म्हणजे रोच, पर्च, ब्रीम, टेंच, चब, कार्प वगैरे, हे 'कोर्स'. आपण भरड धान्य म्हणतो, तसे हे भरड मासे. ते गळाने धरायचे, क्षणभर हातात घेऊन पाहायचे आणि परत पाण्यात सोडायचे. फी नाही, परीक्षा नाही. गाठी मात्र शिकाव्या लागतात.

माझं आजोळ कराडजवळ, कृष्णाकाठी. मामाबरोबर मीही गळ टाकायला बसायचे. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तुकडा आणि उकिरड्याजवळ उकरलेली गांडुळं. एवढ्यावर मळे मासे निघायचे, कधी एखादा शिंगाळा. त्यामुळे इकडे आल्यावर वाटलं, आपल्याला यातलं येतं. दुकानात गेले आणि आणलेल्या पैशातले बहुतेक एका देखण्या रॉडवर घालवले. उरलेल्या चिल्लरीत सगळ्यात स्वस्त लाइन आणि गळाचं एक पाकीट घेतलं. तिसऱ्याच खेपेला आमच्या स्लाउच्या कालव्यात, कमळांच्या पानांच्या कडेला, एक भला थोरला टेंच लागला. रॉड वाकला, मी हरखले, आणि दोन मिनिटांत सगळं सैल. लाइन गुंडाळून टोक पाहिलं तर ते डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालेलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते चिमटीत धरलं आणि म्हणाले, "लाइन तुटलेली नाही. गाठ सुटली."

ही खूण तुम्हीही लक्षात ठेवा. मासा गेल्यावर टोक कुरळं असेल तर गाठ घसरली. टोक खरबरीत, पिंजल्यासारखं असेल तर लाइन कुठेतरी घासली होती. स्वच्छ तुटलं असेल तर ताण जास्त झाला. माशाला रॉड धरून ठेवत नाही. त्याला धरून ठेवतात ते शेवटचे दोन वीत आणि त्यावरच्या दोन गाठी. म्हणून या लेखात खरेदीचा क्रम मी उलटा लावलाय. गळापासून सुरुवात, रॉड सगळ्यात शेवटी.

आधी कागदपत्रं

हे झटपट उरकू. इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. सरकारी संकेतस्थळावर ते एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा बारा महिन्यांचं मिळतं. १३ ते १६ वयाच्या मुलांना फुकट असतं, पण काढावं लागतंच. लायसन्सशिवाय सापडलात तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पाणी ज्याचं आहे त्याची परवानगी वेगळी. ती म्हणजे क्लबाचं वर्षाचं कार्ड, नाहीतर काठावर मिळणारं दिवसाचं तिकीट. लायसन्स म्हणजे गाडी चालवायचा परवाना आणि तिकीट म्हणजे पार्किंगचे पैसे, असं समजा. एक असलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग बंद असतं, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तळी आणि बहुतेक कालवे त्या काळातही खुले असतात, पण तिथला फलक वाचून मगच बसा.

आणि हो, मासा घरी न्यायचा नाही. नद्यांसाठी काही ठरावीक आकाराचे, मोजके मासे नेण्याची कायद्यात तरतूद आहे, पण क्लब आणि तळ्यांचे मालक जवळजवळ कुठेच नेऊ देत नाहीत. इथे त्याकडे सरळ चोरी म्हणून बघतात. कालवण करायचं असेल तर मासळीच्या दुकानातून आणा.

गळ

गळाचे नंबर उलटे चालतात, शिवणाच्या सुयांसारखे. आकडा जितका मोठा तितका गळ बारीक. २० नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याएवढा, तर १० नंबरचा चांगला ठसठशीत. नवख्याला बारीक गळ खेळण्यातला वाटतो आणि तो मोठा उचलतो. मीही तेच केलं होतं. इथले मासे गावच्या पावसाळी ओढ्यातल्या माशांसारखे भुकेले नसतात. एकच मासा आयुष्यात दहा वेळा धरला आणि सोडला गेलेला असतो, त्यामुळे तो घास तोंडात घेऊन चाचपतो.

आधी आमिष ठरवा, गळ आपोआप ठरतो. एक मॅगट (माशीची अळी) लावायचा तर १८ किंवा २०. दोन लावायचे तर १६. मक्याच्या दाण्याला १४. ब्रेडच्या लुसलुशीत लचक्याला किंवा गांडुळाला १० ते १२. पहिल्या वर्षाला १८, १६ आणि १२ एवढी तीन पाकिटं भरपूर झाली.

उलट्या दाताचे गळ घेऊ नका. बिनदाताचेच घ्या, कित्येक तळ्यांवर तर तशी सक्तीच असते. गळ माशाच्या ओठातून अलगद निघतो, आणि तुमच्या बोटात घुसला तर तिथूनही. लाइन ढिली पडू दिली नाही तर बिनदाताच्या गळावरून मासे फारसे सुटत नाहीत.

गळाच्या दांड्याचं बूड दोन प्रकारचं असतं. एकात सुईसारखं नेढं, दुसऱ्यात नेढं नाहीच, बूड नुसतं ठोकून चपटं केलेलं. बारीक गळ बहुतेक चपट्या बुडाचे येतात आणि ते बांधणं म्हणजे मुंगीला टोपरं बांधण्यासारखं. ते कारखान्यात बांधलेलेच घ्या, वीत-दीड वीत लाइनसकट पाकिटात मिळतात. नेढ्याचे गळ मात्र स्वतः बांधा.

मॅगट म्हणजे माशीच्या अळ्या. दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात, पांढऱ्या किंवा लाल रंगवलेल्या. अळीच्या बोथट टोकाला दोन डोळ्यांसारखे ठिपके दिसतात, तिथल्या कातडीतून गळाचं टोक जेमतेम पार करायचं. खोल टोचलं तर अळी फुटते आणि लोंबकळत राहते. मॅगट थंडीत ठेवावे लागतात, नाहीतर दोन-चार दिवसांत त्यांचे कोश होतात. मी ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या, त्यांनी सकाळी पुऱ्या लाटल्या आणि श्रीखंड काढायला फ्रिज उघडला. पुढचं सांगत नाही. आता मॅगटचा डबा गॅरेजमध्ये, वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये असतो. डबा कोरडा असू द्या एवढंच. ओल्या अळ्या उभ्या भिंतीवर सुद्धा चढतात आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडतात.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी डबाबंद मका आणावा. मऊ ब्रेडही चालतो. आपल्याकडची कणकेची गोळीही चालते, त्यात चिमूटभर हळद घातली तर आणखी बरं, पिवळी गोळी दुरून दिसते.

हुकलेंग्थ

गळाला बांधलेला शेवटचा दोन वितींचा तुकडा म्हणजे हुकलेंग्थ. मामाच्या काठीला हा प्रकारच नव्हता, गळ थेट तंगुसाला. इथे तो का हवा? मूळ लाइनपेक्षा हा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवतात. गळ खोडात अडकला किंवा मासा आवाक्याबाहेरचा निघाला तर तुटायचं ते इथेच. मग माशाच्या ओठात फक्त एक बारीक गळ राहतो. फ्लोट (पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारी काडी), वजनं आणि दहा हात लाइन मागे ओढत फिरण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

रोच-पर्चसाठी मूळ लाइन ४ पाउंडांची (म्हणजे तेवढं वजन पेलणारी) आणि हुकलेंग्थ अडीच ते तीन पाउंडांची ठेवा. तळ्यात कार्प असतील तर मूळ ६ ते ८ आणि हुकलेंग्थ ५ ते ६. कार्प आपल्या रोहू-कटल्याचा चुलतभाऊ. लागला की सरळ पलीकडच्या काठाला निघतो, तिथे बारीक काम चालत नाही.

लाइनच्या पाकिटावर ताकदीबरोबर जाडीही छापलेली असते, मिलिमीटरमध्ये. सारख्याच ताकदीच्या दोन लाइनींत एक बरीच बारीक असते, जास्त ताणून बनवलेली. ती हुकलेंग्थला उत्तम, पण ओरखडा आणि ढिली गाठ तिला सोसत नाही. रिळावर भरायला साधी, जरा जाडसर लाइनच बरी.

फ्लोट आणि शॉट

दुकानातली फ्लोटची भिंत पाहून डोळे फिरतात. तुम्हाला हवाय तो एकच प्रकार, वॅगलर, म्हणजे फक्त बुडाशी लाइनला जोडला जाणारा सरळ लांब फ्लोट. स्थिर पाण्याला आणि संथ कालव्याला तोच. त्यातला जुना आणि अजूनही चांगला माल मोरपिसाच्या देठाचा असतो. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मला हसू आलं. मामा रानातून फुकट आणायचा ती वस्तू इथे रंग देऊन, नंबर छापून काचेच्या कपाटात ठेवलेली.

तो नंबर महत्त्वाचा. फ्लोटवर '३ बीबी' लिहिलेलं असेल तर तीन बीबी वजनाचे शॉट लावल्यावर तो नीट उभा राहून फक्त टोक वर दाखवेल. शॉट म्हणजे चीर असलेल्या बारीक गोळ्या, लाइनवर दाबून बसवायच्या. हिशोब सोपा आहे. बीबी म्हणजे ०.४ ग्रॅम. त्याच्या दुप्पट एएए, त्याच्याही दुप्पट एसएसजी. खालच्या बाजूला ८ नंबर म्हणजे ०.०६ ग्रॅम, मोहरीपेक्षा जरासाच मोठा दाणा.

गोळ्या बिनशिशाच्या घ्या. काठावर सांडलेलं शिसं हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. म्हणून १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपेक्षा जड, ते थेट २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इथे बंदी आहे. गावाकडे आम्ही जाळ्याचं शिसं दाताने दाबून बसवायचो, आठवलं की आता अंगावर काटा येतो. बिनशिशाची असली तरी गोळी दाताने दाबू नका. दात जाईल.

३ बीबीचा फ्लोट असा जुळवा. फ्लोटच्या दोन्ही अंगांना एकेक बीबी, म्हणजे तो जागच्या जागी अडकून बसतो. उरलेलं एका बीबीचं वजन खाली ८ नंबरच्या सहा गोळ्यांत वाटून टाका. तीन गोळ्या पाण्याच्या निम्म्या खोलीवर एकत्र, दोन त्याच्या खाली, आणि शेवटची हुकलेंग्थच्या जोडाच्या अगदी वर. मुख्य वजन वर आणि खाली हलकं ठेवलं की आमिष शेवटच्या हात-दीड हातात सावकाश, नैसर्गिक उतरतं. बरेच मासे ते उतरतानाच घेतात. पाण्यावर फ्लोटचं टोक बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढंच दिसू द्या. जास्त वर राहिलं तर माशाला जड लागतं आणि तो आमिष थुंकतो.

गोळी लाइनवर घट्ट बसावी, पण सरकवली तर सरकावी. सरकवण्याआधी लाइन ओली करा. कोरड्या लाइनवरून ओढलेली गोळी लाइन चिरडते.

रीळ, लाइन आणि एकदाचा रॉड

रीळ २५०० किंवा ३००० आकाराचं, साधं. लाइन भरताना स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा. कमी भरली तर फेक लांब जात नाही, काठोकाठ भरली तर वेटोळी भसाभस सुटून गुंता होतो. दुकानातली चकती जमिनीवर आडवी ठेवून दहा-बारा फेरे भरा, मग लाइन ढिली सोडून बघा. तिला पीळ पडत असेल तर चकती उलटी करा. एवढ्या एका गोष्टीने पुढची अर्धी भांडणं मिटतात. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, असा ठेवा की हाताने जोरात ओढल्यावर लाइन कुरकुरत सुटेल, पण हुकलेंग्थ तुटायच्या आधी.

आता रॉड. वॅगलरसाठी १२ ते १३ फुटांचा फ्लोट रॉड. मुठीच्या वर त्याला चालणाऱ्या लाइनची ताकद लिहिलेली असते. तिथे ४ ते ६ पाउंडांच्या आसपास आकडा दिसला की पुरे. दुकानात रीळ लावून हातात धरून पाहा. टोकाकडे जड वाटला तर तासाभरात मनगट बोलायला लागतं. महाग-स्वस्त यात नवख्याला फरक कळत नाही, खरंच कळत नाही. वापरलेला घेतलात तरी चालेल. रिंगांच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहा. कापूस अडकला तर रिंगेला चीर आहे, ती लाइन कापणार.

मुलांना घेऊन जात असाल तर रीळ-बीळ बाजूला ठेवा आणि ४ मीटरची व्हिप आणा. रीळ नसलेली, टोकाला लाइन अडकवायची लांब बारीक काठी. म्हणजे मामाचा बांबूच, फक्त कार्बनचा. लाइन काठीएवढीच किंवा वीतभर कमी. आमच्या धाकट्याने पहिल्या सकाळी व्हिपने नऊ रोच काढले तेव्हा मी रिळातला गुंता सोडवत होते.

एक मात्र गंभीरपणे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे बसूच नका, किमान ३० मीटर लांब जा, आणि काठी उभी धरून तारांखालून चालू नका.

पोल, फीडर आणि बाकीचं सगळं पहिल्या वर्षी विसरा.

गाठी

सराव पाण्यावर करायचा नसतो. घरी परकराची नाडी घ्या आणि कात्रीचं एक कडं. कडं म्हणजे गळाचं नेढं, नाडी म्हणजे लाइन. प्रत्येक गाठ नाडीने वीस वेळा, मग जाड लाइनने दहा वेळा, मग डोळे मिटून. डोळे मिटून का, ते डिसेंबरच्या दुपारी चार वाजता गारठलेल्या बोटांनी बांधताना कळेल.

तीन गोष्टी सगळ्या गाठींना लागू. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा, कारण कोरडी लाइन घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. झटका न देता सावकाश आवळा, वेढे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. आणि बांधून झाली की तिथेच ओढून बघा. तुटायची असेल तर हातात तुटू दे.

पहिली, हाफ ब्लड, तीही टोक खोचलेली. नेढ्यातून टोक ओवून वीतभर बाहेर काढा. हे टोक मूळ लाइनभोवती पाच वेळा गुंडाळा. आता गळाला लागून, पहिल्या वेढ्याच्या आधी, एक बारीक फट राहिलेली दिसेल. टोक त्या फटीतून घाला. घातल्याबरोबर वरच्या बाजूला एक मोठा फास तयार होतो, टोक त्यातूनही खोचा. ओलं करा, मूळ लाइन हळूहळू ओढा. दोन मिलिमीटर शेपूट ठेवून कापा. माझा टेंच गेला तो या शेवटच्या खोचण्यामुळे, म्हणजे ते न केल्यामुळे. शिवाय वेढे तीनच घेतले होते, आणि कोरडे.

दुसरी, ग्रिनर. माझी आवडती. नेढ्यातून टोक काढून मूळ लाइनला समांतर मागे आणा, मग गळाकडे वळवून एक फास करा. आता त्या फासाच्या आतून, दोन्ही समांतर धाग्यांना मिळून, टोकाचे चार-पाच वेढे द्या. ओलं करून टोक ओढलं की वेढ्यांची छोटी पिंप तयार होते. मग मूळ लाइन ओढा, पिंप घसरत नेढ्यापाशी जाऊन बसते. हाफ ब्लड बांधायला लवकर होते, पण घसरायचीच झाली तर ग्रिनर कमी घसरते. रिळाच्या स्पूलला लाइन बांधायलाही हीच. नेढ्याऐवजी स्पूलभोवती लाइन फिरवायची, बाकी तेच.

तिसरी, आठाचा फास. मूळ लाइन आणि हुकलेंग्थ जोडायला दोघींच्या टोकांना फास लागतात. टोक वीतभर दुमडून दुहेरी करा. दुहेरी धाग्याचा एक वेढा करा, दुमडलेलं टोक मूळ धाग्याच्या मागून अर्धा फेरा जास्त फिरवा आणि मग वेढ्यातून बाहेर काढा. नीट जमलं तर आवळण्याआधी इंग्रजी आठाचा आकडा दिसतो. तो अर्धा फेरा विसरलात तर साधी गाठ होते, आणि साधी गाठ लाइनला करकचून चावते.

दोन फास जोडताना हुकलेंग्थचा फास मूळ लाइनच्या फासावर चढवा. मग गळाचं टोक मूळ लाइनच्या फासातून ओवून सगळी हुकलेंग्थ त्यातून ओढून घ्या. आवळल्यावर दोन्ही फास हातात हात गुंफल्यासारखे सपाट बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्याच्या गळ्याला आवळलेला दिसला तर सोडवा आणि पुन्हा करा, नाहीतर तो तिथेच कापला जातो.

या तीन गाठींत वर्ष निघतं. चौथी, नॉटलेस नॉट, कार्पच्या मागे लागल्यावर शिका. यात आमिष गळावर नसतंच, गळाच्या खाली केसासारख्या बारीक शेपटीवर लोंबतं. कार्प आमिष ओढून घेतो आणि मोकळा गळ मागोमाग तोंडात जातो. हुकलेंग्थच्या टोकाला चिमुकला फास करा, त्यात मक्याचे दोन दाणे अडकतील. दुसरं टोक नेढ्यात गळाच्या पाठीकडून घाला आणि ओढत आणा. दाणे गळाच्या वळणाच्या जरा खाली लोंबू लागले की थांबा. आता खाली आलेली शेपटी दांड्याला धरून तिच्यासकट सात-आठ वेढे दांड्यावर खाली-खाली गुंडाळा. शेवटी टोक पुन्हा पाठीकडूनच नेढ्यात घालून ओढा. दुसऱ्या वेळी पुढून घातलं तर गळ उलटा वळतो आणि ओठात बसतच नाही.

पाण्यावर

पोचल्याबरोबर पहिलं काम खोली मोजायचं. प्लमेट म्हणजे छोटं वजन, ते गळाला अडकवून जिथे बसणार तिथे सोडा. फ्लोट बुडाला तर गळापासूनचं अंतर पाण्यापेक्षा कमी आहे, फ्लोट वर सरकवा. फ्लोट बराच वर उघडा राहिला किंवा आडवा पडला तर अंतर जास्त आहे, खाली घ्या. फक्त टोक दिसेपर्यंत हे करत राहा. पाच मिनिटं जातात. न मोजता बसलेला माणूस तास घालवतो.

मग चिमूटभर मॅगट किंवा मक्याचे चार दाणे फ्लोटच्या आसपास टाका, दर दोन-चार मिनिटांनी, तेवढेच. एकदम मूठभर टाकले तर मासे जेवून उठतात. वाऱ्याने लाइन फुगत असेल तर फेकल्यावर रॉडचं टोक पाण्यात बुडवून रीळ दोन फेरे झटकन फिरवा, लाइन खाली बुडते. तरीही तरंगत असेल तर भांडी घासायच्या साबणाचं बोट स्पूलवरून फिरवा.

फ्लोट बुडला किंवा तिरका सरकला की रॉड उचला. हिसडा नाही. काठी हिसडून मासा डोक्यावरून मागच्या चिखलात फेकायची आपल्याकडची सवय इथे पहिल्याच दिवशी सोडावी लागते. तीन पाउंडांच्या धाग्याला तो हिसडा सोसत नाही. मनगटाने उचला, रॉड वाकलेला ठेवा, मासा दमू द्या. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा त्यावर आणा. जाळं माशामागे पळवू नका.

हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पर्चच्या पाठीवरचे काटे टोचतात, तेव्हा डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीवरचा पर दुमडून घ्या. गळ ओठात असेल तर बोटांनी निघतो. आत गेला असेल तर डिसगॉर्जर, म्हणजे टोकाला चीर असलेली काडी, वापरा. लाइन ताणून धरा, काडीच्या चिरेत ती घाला, काडी लाइनवरून गळाच्या वळणापर्यंत सरकवा, किंचित आत दाबा आणि बाहेर घ्या. ही वस्तू दोन-तीन बाळगा, लाल किंवा पिवळ्या रंगाच्या, कारण गवतात पडलेली हिरवी काडी आजवर कुणाला सापडलेली नाही. मासा पाण्यात फेकू नका. दोन्ही हातांत पाण्याखाली धरा, तो स्वतःच निसटतो.

कालव्यावर बोटीचा आवाज आला की लाइन उचलून घ्या, वाट त्यांची. आणि कापलेल्या लाइनचे तुकडे काठावर टाकू नका, बदकांच्या पायात अडकतात. मी ते त्याच श्रीखंडाच्या डब्यात भरून घरी आणते. सासूबाई आता तो डबा उघडत नाहीत.